शिट्टी कुणासाठी वाजवायची?

(युवक शिबिरातले भाषण. टेपवरून उतरवून घेतले. बोलण्यातले शब्द होते तसेच ठेवले आहेत.)



काल इथं जमिनीवर बोलणं झालं, आरक्षणावर झालं. मला आज पिक्चरवर बोलायचंय. तेही कुठल्या बक्षीस मिळवलेल्या, गंभीर पिक्चरवर नाही. एका भडक, बटबटीत, ढिशुम ढिशुम इंग्रजी पिक्चरवर. 'द रनिंग मॅन'. साल १९८७. हिरो अर्नोल्ड श्वार्झनेगर. अंगाला चिकटलेला पिवळा सूट घालून तो दीड तास पळतो, मारतो आणि प्रत्येक मुडद्यामागे एक पाचकळ विनोद करतो. एवढाच पिक्चर.

एका कार्यकर्त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, हा विषय शिबिरात कशाला?" मी म्हटलं, तुमच्या वस्तीतली पोरं रात्री काय बघतात ते तुला ठाऊक नसेल तर शिबिर कुणासाठी घेतोस?

'अभिरुची' नावाचा एक शब्द आहे. पांढरपेशे समीक्षक तो फार जपून वापरतात. तो ऐकला की मला गावातला पाणवठा आठवतो. कुणी शिवायचं आणि कुणी लांब उभं राहायचं हे तिथं आधीच ठरलेलं असतं. यांच्या मते स्टॉलमध्ये बसून शिट्टी मारणाऱ्याला पिक्चर कळत नाही. ठीक आहे. आपण शिट्टीवाल्याला काय कळलं ते बघू. आणि काय कळलं नाही तेही बघू. नुसती आपलीच पाठ थोपटायला मी आलेलो नाही.

हा पिक्चर मी पहिल्यांदा बघितला तो १९८९-९० च्या सुमाराला. जयंतीचे दिवस होते. आमच्या वस्तीत पोरांनी वर्गणी काढून रात्रभरासाठी व्ही.सी.आर. आणि कलर टीव्ही भाड्यानं आणला. विहारासमोरच्या मोकळ्या जागेत गोणपाटं टाकली. तीन कॅसेटी होत्या. पहिली मिथुनची, दुसरी कराटेची, तिसरी ही. रात्रीचे दोन वाजून गेलेले. इंग्रजी कुणाच्या बापाला येत नव्हतं. कॉलेजात जाणारा एकजण होता, तो मोठ्यानं अर्थ सांगत होता आणि जिथं त्याला कळत नव्हतं तिथं मनानं ठोकून देत होता. तरी पिक्चर सगळ्यांना कळला.

गोष्ट अशी आहे. साल २०१७. पिक्चर काढला तेव्हा ते ३० वर्षं पुढचं होतं. जगाची अर्थव्यवस्था कोसळलेली. अन्न नाही, तेल नाही. अमेरिकेत पोलिसांचं राज्य. टीव्ही सरकारच्या मुठीत. बेन रिचर्ड्स हा पोलिसांचा हेलिकॉप्टर पायलट. खाली बेकर्सफील्ड नावाच्या शहरात भुकेले लोक अन्नासाठी जमलेत. बाया आहेत, पोरं आहेत, हातात हत्यार नाही. वरून ऑर्डर येते, गोळ्या घाला. हा म्हणतो, मी घालणार नाही. त्याचेच सोबती त्याला दाबून धरतात आणि गोळीबार होतो. मग टीव्हीवर काय येतं? टेप कापून, जोडून असं दाखवतात की यानंच ऑर्डर मोडली, यानंच माणसं मारली. त्याला नाव देतात, बेकर्सफील्डचा खाटीक.

गोणपाटावर आमच्या शेजारची एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "आरं, त्यानं तर गोळी घातली न्हाई. मंग त्यालाच कसं काय धरलं?"

कॉलेजवाला म्हणाला, "आजी, त्यांनी टेप बदलली."

आजी म्हणाली, "हां. पंचनामा बदलला म्हन की."

एखाद्या समीक्षकाला हे सांगायला चार पानं लागली असती.

आता दुसरा सीन बघा. कैद्यांच्या गळ्यात पट्टे आहेत. छावणीभोवती एक न दिसणारी रेषा आहे. ती ओलांडली की पट्ट्याचा स्फोट होतो, डोकं उडतं. एक कैदी घाई करतो आणि आपल्या डोळ्यांसमोर त्याचं डोकं उडतं. थिएटरात बसलेल्या गोऱ्या पोरांना ही भविष्यातली करामत वाटली असेल. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त लिहून ठेवलंय की पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडकं अडकवून फिरावं लागायचं, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. गळ्यातली वस्तू आणि ओलांडायची नाही अशी रेषा, यातलं आपल्याला नवीन काय आहे? हॉलिवूडवाल्यानं जे उद्याचं म्हणून रंगवलं ते आपल्याकडं कालचं निघालं. म्हणून त्या रात्री पट्टा तुटला तेव्हा सगळी वस्ती उभी राहिली. माझी पहिली शिट्टी तिथली.

पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. रिचर्ड्स पळतो, पकडला जातो आणि त्याला टीव्हीवरच्या खेळात सोडतात. खेळाचं नाव 'रनिंग मॅन'. कैद्यानं पळायचं, पगारी मारेकऱ्यांनी त्याला मारायचं, देशानं बघायचं आणि रस्त्यावरच्या कंगालांनी त्यावर पैसे लावायचे. मारेकरीही काय एकेक! एक बर्फावर हॉकी खेळत येतो. एक मोटरसायकलवर करवत घेऊन येतो. एकाच्या अंगभर दिवे, तो ऑपेरा गात गात विजेचे झटके देतो. एक पाठीवर यंत्र बांधून उडतो आणि आग ओकतो. जत्रेतली सोंगं वाटावीत असे. पण नीट बघितलंत तर त्यांच्यामागं वाद्यवृंद आहे, नाचणाऱ्या पोरी आहेत, शीतपेयाच्या जाहिराती आहेत. माणूस मारण्याचा धंदा इतका झगमगीत केलाय की कुणाला रक्ताचा वास येऊ नये.

खेळ चालवणारा निवेदक म्हणजे किलियन. हे काम केलंय रिचर्ड डॉसननं. हा माणूस अमेरिकेच्या टीव्हीवर खरोखरच 'फॅमिली फ्यूड' नावाचा घरगुती खेळ चालवायचा. तेच हसू, तीच लाडीगोडी त्यानं इथं वापरली. सुरुवातीलाच एक छोटा सीन आहे. एक सफाई कामगार फरशी पुसतोय, त्याचा किलियनला धक्का लागतो. किलियन हसून, गोड बोलून पुढं जातो. लिफ्टपाशी पोचल्यावर हाताखालच्या माणसाला सांगतो, हा उद्या फरशी पुसताना दिसला तर त्याच्या जागी तू पुसत असशील. पिक्चरभर करवती आणि आगीचे लोळ आहेत, पण मला सगळ्यात खरा वाटतो तो हा अर्धा मिनिट. तोंडावर 'या, बसा' आणि पाठ वळली की पोटावर पाय. ऑफिसात, कॉलेजात, पक्षात हा किलियन आपल्याला भेटलेला आहे.

असे पिक्चर आपल्याला का आवडतात याचं माझं उत्तर हे आहे. आपल्या आयुष्यात मारणारा दिसत नाही. फाईल मारते, शेरा मारतो, 'जागा भरली' म्हणणारा आवाज मारतो. बुक्की कुणाच्या तोंडावर मारायची तेच कळत नाही. हा पिक्चर मारणाऱ्याला तोंड देतो, नाव देतो, अंगात चमचमता कपडा घालून समोर उभा करतो. आणि ज्याची शिकार व्हायची तो माणूस शिकार व्हायला नकार देतो. रात्री दोन वाजता, दिवसभर राबून आलेल्या माणसाला हे बघून बरं वाटतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पण आता दुसरी बाजू. शिट्टी मारून झाली की थोडं डोकं चालवायचं.

रिचर्ड्सबरोबर दोन सोबती पळतात. एक लाफलिन, काळा, यॅफेट कोटोनं केलेला. दुसरा वाइस, चष्मेवाला, किडकिडीत. सरकारी टीव्हीचं प्रक्षेपण ताब्यात घ्यायचा सांकेतिक आकडा शोधतो तो वाइस. चळवळीचं सगळं काम त्या आकड्यावर अडलेलं आहे. दोघंही मरतात. डोकं चालवणारा मरतो, काळा मरतो आणि दंडवाला गोरा जगतो. हा हिशेब तुम्ही किती पिक्चरमध्ये बघितलाय ते आठवा.

मूळ कादंबरी स्टीफन किंगची, १९८२ ची. त्यानं ती रिचर्ड बाकमन या टोपणनावानं छापली. त्यात रिचर्ड्स पोलीस नाही, पैलवानही नाही. बेकार माणूस आहे. पोरगी आजारी, औषधाला पैसे नाहीत, म्हणून तो आपल्या पायानं जाऊन त्या खेळात नाव घालतो. १९८७ च्या पिक्चरवाल्यांनी त्या बेकाराला हेलिकॉप्टरचा पायलट केला आणि त्याच्या दंडाला तेल लावलं. २०२५ साली एडगर राइटनं याच कादंबरीवर पुन्हा पिक्चर काढला, त्यात आजारी पोरगी परत आली. म्हणजे औषधाची गोष्ट सांगता येत होती. १९८७ साली ती सांगायची नव्हती. भुकेला माणूस हिरो चालत नाही, भुकेल्यांवर दया करणारा चालतो. भुकेल्यांनो, तुम्ही खाली गर्दीत उभे राहा आणि मरा. तुमच्यातल्या एकालाही आम्ही नाव देणार नाही.

आता मुद्द्याचं. पिक्चरचा शेवट काय आहे? चळवळीची पोरं स्टुडिओत घुसतात, प्रक्षेपण ताब्यात घेतात आणि बेकर्सफील्डची खरी, न कापलेली टेप देशाला दाखवतात. झालं! देशाचे डोळे उघडले. पब्लिक रिचर्ड्सच्या बाजूनं. किलियनला त्याच्याच खेळाच्या बोगद्यात ढकलून दिलं. शिट्ट्या, टाळ्या, द एंड.

आमची आजी गोणपाट झटकत उठली आणि म्हणाली, "असं कुठं आसतंय व्हय? खरं दिसलं की मानूस लगीच मानतंय?"

मी तेव्हा तिच्यावर हसलो होतो. मला वाटलं, म्हातारीला पिक्चर कळला नाही.

हा पिक्चर घडतो लॉस एंजेलिसमध्ये. त्याच लॉस एंजेलिसमध्ये ३ मार्च १९९१ च्या रात्री रॉडनी किंग या काळ्या माणसाला पोलिसांनी रस्त्यावर पाडून दांडक्यांनी मारलं. समोरच्या घरातल्या एकानं आपल्या कॅमेऱ्यात ते टिपलं. खरी टेप. सगळ्या जगानं बघितली. मग खटला झाला. पोलिसांच्या वकिलांनी तीच टेप कोर्टात पुन्हा पुन्हा, हळू करून, थांबवून थांबवून दाखवली आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचा अर्थ चिकटवला. २९ एप्रिल १९९२ ला बहुसंख्य गोऱ्यांच्या ज्यूरीनं पोलिसांना मारहाणीच्या आरोपातून सोडलं. फक्त एका अधिकाऱ्यावरच्या एका आरोपावर त्यांचं एकमत झालं नाही. शहर पेटलं, ६० च्या वर माणसं मेली. पुढच्या वर्षी केंद्राच्या कोर्टात खटला चालला तेव्हा चारांपैकी दोघांना शिक्षा झाली. खरी टेप होती, मित्रांनो. पिक्चरमध्ये तिला दोन मिनिटं पुरली. खऱ्या लॉस एंजेलिसमध्ये पुरली नाही.

आपल्याकडं? ११ जुलै १९९७. घाटकोपरची रमाबाई आंबेडकर नगर वस्ती. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला म्हणून लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या, १० माणसं मेली. सांगण्यात आलं काय, तर जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. गुंडेवार आयोगानं गोळीबार असमर्थनीय ठरवला. गोळीबाराची ऑर्डर देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयानं जन्मठेप दिली ती २००९ साली, १२ वर्षांनी. मग हायकोर्टातून त्याला जामीनही मिळाला. टँकर कुठं होते आणि माणसं कुठं पडली, हा सवाल आनंद पटवर्धनांनी २०११ च्या 'जयभीम कॉम्रेड'मध्ये पडद्यावर मांडला. किती लोकांनी तो बघून मत बदललं? वस्तीबाहेर आजही कुणाला विचारा, तो तुम्हाला टँकरच सांगेल. १० नावं सांगणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग टेपचा उपयोगच नाही का? आहे. पण कधी आहे ते त्याच पिक्चरमध्ये दडलंय. पिक्चर काढणाऱ्यालाही ते कळलं असेल की नाही, शंका आहे. परवा मी तो पुन्हा बघितला तेव्हा मला दिसलं.

हॉकीवाला मारेकरी मरतो तेव्हा स्टुडिओतलं पब्लिक गप्प होतं. कारण त्या खेळात मारेकरी कधी मेलेलाच नाही. तो मरू शकतो हेच त्यांना ठाऊक नसतं. मग करवतवाला जातो. पुढं किलियन एका म्हातारीला विचारतो, आता पुढचा मुडदा कोण पाडणार, सांगा. ती सरळ सांगते, बेन रिचर्ड्सच पाडणार! रस्त्यावरचे सट्टेवालेसुद्धा त्याच्यावर पैसे लावायला लागतात. हे सगळं खरी टेप दाखवायच्या आधी होतं. पब्लिकच्या लेखी तो अजून खाटीकच असतो. तरी पब्लिक वळतं. ते खऱ्याकडं वळलेलं नाही. ज्याची भीती वाटत होती तो पडू शकतो हे दिसलं, म्हणून वळलं. टेप नंतर आली आणि वळलेल्या माणसांना तिनं कारण दिलं.

२५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसानं गुडघा दाबला. पोलिसांचं पहिलं निवेदन म्हणत होतं की पोलिसांशी संबंध आला असताना आजारपणाचा प्रकार होऊन माणूस दगावला. आजीच्या भाषेत, पंचनामा बदलला. १७ वर्षांच्या एका काळ्या मुलीनं फोनवर ते चित्रीकरण केलं होतं म्हणून तो पंचनामा टिकला नाही. २०२१ साली त्या पोलिसाला खुनासाठी दोषी धरलं. पण ती टेप एकटी नव्हती. तिच्यामागं शहराशहरांतून लाखो माणसं रस्त्यावर होती. १९९१ ची टेप कोर्टात गेली आणि वकिलांच्या हातात पडली. २०२० ची टेप कोर्टात गेली तेव्हा बाहेर माणसं उभी होती.

म्हणून तरुण मित्रांनो, तुमच्या खिशात कॅमेरा आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. पिक्चरमध्ये आणखी एक गंमत आहे. शेवटचा मारेकरी ऐन वेळी लढायला नकार देतो, तेव्हा चॅनेलवाले दुसऱ्याच माणसांच्या धडावर रिचर्ड्सचा चेहरा चढवून तो मेल्याचं देशाला दाखवतात. तेव्हा आम्ही म्हणालो, काय फेकतायत साले! आज हे काम फोनवरचं एखादं ॲप करतं. उद्या तुम्ही खरी टेप दाखवाल तेव्हा समोरचा म्हणेल, ही बनवलेली आहे. आणि बनवलेली टेप ते खरी म्हणून चालवतील. टेपला साक्ष लागते. साक्षीला उभं राहणारा माणूस लागतो. आणि त्या माणसामागं, दुसऱ्या दिवशी त्याच्या घरावर दगड आले तर धावून येणारी वस्ती लागते. हे काम फोन करत नाही. ते काम आपलं आहे.

आणि हिरोचंही ऐकून ठेवा. अर्नोल्ड २००३ साली कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर झाला. पिक्चरमधला तो शेवटचा मारेकरी जेसी व्हेंचुरा, तोही मिनेसोटाचा गव्हर्नर होऊन गेला. २००५ च्या डिसेंबरात स्टॅनली 'टुकी' विल्यम्स या काळ्या कैद्याचा दयेचा अर्ज अर्नोल्डपुढं आला. अर्नोल्डनं तो फेटाळला. दिलेल्या कारणांत एक कारण असं होतं की विल्यम्सनं आपलं पुस्तक ज्यांना अर्पण केलं त्यांत जॉर्ज जॅक्सनचं नाव आहे. जॉर्ज जॅक्सन म्हणजे तुरुंगातला ब्लॅक पँथर. ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली आपल्या पोरांनी दलित पँथर हे नाव घेतलं, ते पँथर. विल्यम्स सुधारलेला नाही याची खूण म्हणून ते नाव वापरलं गेलं. १३ डिसेंबरला विल्यम्सला मारलं. पडद्यावर ऑर्डर नाकारणारा माणूस खुर्चीत बसल्यावर सही करतो. म्हणून शिट्टी बेन रिचर्ड्ससाठी मारा. अर्नोल्डचा फोटो भिंतीवर लावू नका.

शेवटचं सांगतो आणि बसतो. पिक्चरच्या शेवटी किलियन मरतो तेव्हा स्टुडिओतलं पब्लिक नाचतं. तेच पब्लिक. तासाभरापूर्वी कैद्यांच्या मरणावर ते असंच नाचत होतं. बाकड्यावर तीच माणसं, तोंडात तीच शिट्टी, समोर नवा मुडदा. खेळ बंद झालाच नाही, फक्त खेळातला माणूस बदलला. आपल्याला असा विजय नको. आपल्याला तो स्टुडिओ ताब्यात घेऊन नव्या किलियनला बसवायचं नाही. आपल्यातलाच कुणी किलियन होऊन बसला तर तोही नको. आणि असे बसलेत, नावं तुम्हाला ठाऊक आहेत.

ती आजी आता नाही. पण तिचा सवाल अजून उभा आहे. खरं दिसलं की माणूस लगेच मानतो का? नाही मानत, आजी. आधी त्याची भीती मोडावी लागते. मग त्याला खरं दाखवावं लागतं. आणि दाखवून झाल्यावर घरी न जाता तिथंच उभं राहावं लागतं.

आज रात्री जेवणानंतर इथंच पडदा लावून हा पिक्चर दाखवणार आहोत. या. शिट्ट्या मारा, माझी काही हरकत नाही. पण दिवे लागले की उठायचं नाही. बोलायचं.

जयभीम.